गार्डभाऊंची समुद्रगाडी

लोणावळ्यात आमच्या आळीतल्या एका लग्नात वाढप्याने तिसऱ्यांदा जिलबीचं ताट पुढे केलं, तेव्हा गार्डभाऊंनी काखेतला लाल झेंडा काढला, उलगडला आणि त्याच्या नाकासमोर धरला. वाढपी पुण्याहून आणलेला. त्याला वाटलं, पंगतीत कसली तरी चळवळ सुरू झाली. तो ताटासकट दोन पावलं मागे सरला. आम्ही बाकीचे मात्र खाली मान घालून जेवत होतो. गार्डभाऊंना जिलबी नको होती, एवढाच त्याचा अर्थ. पुढे मठ्ठा आला तेव्हा त्यांनी हिरवा झेंडा दाखवला आणि वाढप्याचा जीव भांड्यात पडला.

गार्डभाऊंचं नाव धोंडिबा. गाव तिकोणा पेठ, घराणं शेतकऱ्याचं. तीन भाऊ नांगरावर आणि हे चौथे रेल्वेत, मालगाडीचे गार्ड. लोणावळ्याहून घाट उतरायचा, कर्जतला पोचायचं, तिकडून दुसरी गाडी घेऊन वर यायचं, यात त्यांची पंचवीस वर्षं गेली होती. गाडीच्या शेवटी गार्डाचा एक डबा असतो. त्यात ते, त्यांचा ब्रेक, कंदील आणि दोन झेंडे. बोलायला कोणी नाही. चाळीस वाघिणींच्या, म्हणजे मालडब्यांच्या, पुढे कुठे तरी ड्रायव्हर असतो, पण त्याच्याशी गप्पा मारायच्या तर झेंड्यानेच. पंचवीस वर्षं असं काढल्यावर माणसाचं तोंड जवळजवळ निकामी होतं आणि हात बोलायला लागतात. त्यांचं तसं झालं होतं.

दोन्ही हात वर केले की थांब. एक हात आडवा धरला की जा. भाजीवालीला, पोस्टमनला, दारात आलेल्या गोसाव्याला, सगळ्यांना हेच. बायको लग्नानंतर दोन वर्षांत बाळंतपणात गेली, मूलही गेलं. गावाकडची माणसं दुसऱ्या लग्नाचं काढायची, तेव्हा भाऊ काही बोलत नसत, लाल झेंडा काढत. एका मामांनी म्हणे तरीही रेटून विषय पुढे नेला. तेव्हा भाऊंनी त्यांना ऐकवलं, "मामा, लाल म्हंजी लाल. त्यात गुलाबी न्हाई." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आम्ही पोरं ते शाळेत मास्तरांना ऐकवायचो आणि मार खायचो.

समुद्राचं खूळ सुरू झालं ते माझ्यामुळे. मालधक्क्यावर मिठाच्या वाघिणी उभ्या होत्या. भाऊंनी मला विचारलं, मीठ कुठून येतं? मी दहा वर्षांचा, पोस्टातल्या कारकुनाचा मुलगा, वर्गात तिसरा. मी ताबडतोब सांगितलं, "वाण्याकडून."

भाऊंनी कपाळाला हात लावला. "धा वर्साचं घोडं झालं आन् मीठ वाण्याकडं पिकतंय व्हय? आरं, हितनं घाट उतारला की समिंदर हाय. तुमा पोरास्नी दावलाच पायजे."

आणि त्या नाताळच्या सुट्टीत त्यांनी आळीतली सात पोरं गोळा केली आणि अलिबागला नेली. पुढच्या वर्षी बारा. लोक म्हणाले, वेडा आहे. पण पोरं जशी गेली तशी परत आली, शिवाय काळी आणि खादाड होऊन आली, म्हणून कोणी फार बोललं नाही. आयांना तर चार दिवस घर शांत मिळालं. त्यांनी तिसऱ्या वर्षीची चौकशी दिवाळीतच सुरू केली.

तिसऱ्या वर्षी मात्र जे झालं, त्याने आळीत दोन तट पडले.

रुळाच्या अगदी कडेला अण्णांचं घर होतं. अण्णांचं बाजारात कापडाचं दुकान. त्यांना दोन मुली. थोरली कुसुमताई, सोळा-सतरा वर्षांची, आणि धाकटी यमू, नऊ वर्षांची. यमूला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, म्हणून बोलताही येत नव्हतं. तिच्या घशातून एक मोठा, उंच-सखल आवाज निघायचा. घरातलं कोणीही तो निघाला की पटकन तिच्या तोंडावर हात ठेवायचं. ती शाळेत यायची नाही, हळदीकुंकवाला जायची नाही. मी एकदा तिच्यादेखत तिच्या आवाजाची नक्कल करून पोरांना हसवलं होतं. ते आठवलं की आजही मला स्वतःच्या तोंडावर हात ठेवावासा वाटतो.

यमूला गाडी ऐकू यायची नाही, पण कळायची. गाडी सुटली की घराची जमीन हलते. ते तळपायाला जाणवलं की ती पळत खिडकीशी यायची, गज धरून चाळीस वाघिणी जाऊ द्यायची, आणि शेवटच्या डब्यातून भाऊ हिरवा झेंडा दाखवायचे. ती एक हात आडवा धरून उत्तर द्यायची. असं तीन वर्षं चाललं होतं. दोघांची भेट कधी झाली नव्हती. ही मुलगी शिट्टीला मान वळवत नाही आणि झेंड्याला चुकत नाही, यावरून काय ते भाऊ समजले होते.

एक दिवस शेवटचा डबा आला आणि यमूने दोन्ही हात वर केले.

आता रेल्वेचा नियम असा, की धोक्याची खूण कोणीही करो, साहेब करो की गुराखी करो, गाडी थांबवायची. भाऊंनी ब्रेक लावला. सगळी मालगाडी किंचाळत, एकमेकीवर आदळत उभी राहिली. भाऊ खाली उडी मारून झेंडा घेऊन धावत खिडकीशी गेले. यमूने आत वाकून दोन मांजरीची पिल्लं उचलली आणि गजातून बाहेर धरली. सकाळीच झाली होती.

भाऊंनी पिल्लं पाहिली. एक पांढरं, एक काळं. दोघांच्या डोक्यावरून बोट फिरवलं, घड्याळ काढून वेळ पाहिली, डब्यात जाऊन चढले आणि हिरवा झेंडा दाखवला. गाडी सुटली.

वरून कागद आला. भाऊंना लिहिण्याचा कंटाळा, म्हणून उत्तर लिहायला ते माझ्या वडिलांकडे आले. वडील एकेक प्रश्न वाचून दाखवत होते. "खूण कशी होती?"

"बराबर व्हती. दोनी हात, पुरं वर."

"खूण करणाऱ्या इसमाचं वय?"

"नऊ."

वडिलांनी लेखणी खाली ठेवली. "भाऊ, असं लिहिलं तर नोकरीवर बेतेल. कारण काय होतं, तेवढं तरी सांगा."

"कारन इचारलं न्हाई म्हनून लिवा. लाल म्हंजी लाल."

पिल्लांचं नाव त्यांनी कागदावर येऊ दिलं नाही. त्या वर्षीची बढती गेली, ती गेली. पण पुढच्या स्टेशनात ड्रायव्हरला कारण सांगावं लागलं होतं, आणि त्याच्या तोंडाला कोण हात लावणार? त्याने चहाच्या दुकानात सगळी हकीकत सांगितली आणि दुसऱ्या दिवशी बाजारभर झालं, की अण्णांच्या मुक्या पोरीने मालगाडी थांबवली. लोक दुकानात कापड घ्यायला यायचे आणि पिल्लांची चौकशी करून जायचे.

तिसऱ्या दिवशी अण्णांनी ती खिडकी फळ्या ठोकून बंद केली.

अण्णा वाईट नव्हते. कुसुमताईला दोन ठिकाणांहून नकार आले होते, आणि धाकटीचं समजल्यावरच ते आले, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. आता पेणच्या एका चांगल्या घराशी बोलणं सुरू होतं. यमूला त्यांनी घरात ठेवलं होतं ते मारून-झोडून नव्हे. तिला चांगलं लुगड्याचं परकर-पोलकं शिवायचे, खाऊ आणायचे. फक्त दिसू द्यायचे नाहीत.

भाऊंची गाडी रोज त्या घरावरून जात होती. खिडकीवर फळ्या होत्या. भाऊ तरीही हिरवा झेंडा दाखवत होते. आठ दिवस त्यांनी फळ्यांना झेंडा दाखवला. येणारी-जाणारी माणसं हसायची. मीही हसलो. नवव्या दिवशी ते झेंडे काखेत घेऊन अण्णांच्या दुकानात गेले आणि गादीसमोर उभे राहिले.

"नाताळात पोरं समिंदरावर चाललीत. येमूला धाडा."

अण्णांनी हातातला तागा गुंडाळला. "भाऊ, तिला ऐकू येत नाही. तुम्ही मागे बोलावलं तर कळणार कसं? समुद्र आहे तो. उद्या काही झालं तर मी कोणाच्या तोंडाकडे बघू?"

"बाकीच्यास्नी कसं बोलवतो, तसंच हिला."

"म्हणजे कसं?"

"पंधरा दिसांनी, ऐतवारी रेल्वेच्या मैदानात या. आन् आळीतल्या समद्यांस्नी संगं आना."

त्यानंतरचे दोन आठवडे आमच्या आयुष्यातले सगळ्यात चमत्कारिक. भाऊंनी त्यांच्या जुन्या गादीतला कापूस काढला, त्याचे तेलात भिजवलेले बोळे केले आणि आम्हा सोळाही पोरांच्या कानात कोंबले. स्वतःच्याही कोंबले. रोज संध्याकाळी मैदानात कवायत. शिट्टी बंद, हाका बंद, बोलणं बंद. नुसते झेंडे. हिरवा दिसला की पळायचं, लाल दिसला की जागच्या जागी. जो चुकेल त्याने मैदानाला चक्कर घालायची. सगळ्यात जास्त चकरा मी घातल्या. कान बंद झाल्यावर माणसाला मागे वळून बघत राहावं लागतं, आणि ते माझ्या अंगातच नव्हतं. मी आपला समोर बघून धावायचो आणि लाल झेंडा होऊन गेल्यावर एकटाच पुढे सापडायचो.

घरीही बोळे काढायचं कोणाच्या लक्षात राहायचं नाही. आई "जेवायला ये" म्हणून ओरडून दमायची. शेवटी तिने माजघराच्या दारात उभं राहून एक हात आडवा धरायला सुरुवात केली.

रविवारी मैदानात सगळी आळी जमली. अण्णा आले, बरोबर कुसुमताई, आणि तिच्या हाताला धरून यमू. यमूने एकही कवायत केली नव्हती. भाऊंनी तिला आमच्या रांगेत शेवटून दुसरी उभी केली. शेवटचा मी. तिच्याही कानात त्यांनी गंभीरपणे कापसाचे बोळे घातले. "नियेम समद्यांस्नी सारका," ते म्हणाले.

मग अण्णांना सांगितलं, "घाला हाका. पायजे तेवढ्या."

अण्णांनी हाक घातली. कोणी हललं नाही. मास्तरांनी आमची नावं घेऊन दरडावलं. कोणी हललं नाही. शेवटी माझ्या वडिलांनी, जे पोस्टात तिकिटं विकताना पुटपुटतात एवढाच आवाज करणारे गृहस्थ, ते बेंबीच्या देठापासून ओरडले, "साप! साप!" मोठी माणसं धोतरं वर धरून पळत सुटली. आम्ही सतराजण उभेच. त्यांना काय झालं ते आम्हाला कळेना; हाकांचं आणि सापाचं आम्हाला मागाहून समजलं.

मग भाऊंनी हिरवा दाखवला. आम्ही सुटलो. मैदानाच्या अर्ध्यावर लाल झाला. बाकीची पोरं दोन-चार पावलं घसरून थांबली, मी सहा पावलांवर. यमू मात्र जिथे होती तिथे, एक पाऊल उचललेलं तसंच हवेत. पुन्हा हिरवा, पुन्हा लाल. दोन्ही वेळा तीच पहिली थांबली.

भाऊंनी कानातले बोळे काढले, आम्हीही काढले. "बगा अण्णा. हिची गाडी समद्यांत भारी. आता तरी धाडा."

अण्णांनी इकडेतिकडे पाहिलं. मग एवढ्या लोकांसमोर त्यांच्या तोंडून खरं काय ते निघून गेलं. "भाऊ, पाण्याचं नाही हो. वाटेत पेण लागतं. लोक बघतील तिला."

"बगू द्या की!" भाऊ ओरडले. पंचवीस वर्षांत त्यांचा आवाज कोणी असा ऐकला नव्हता. "बगूनच तर गाडी चालती. मी आंधळ्यासारका फळ्यास्नी झेंडा दावायचा आन् पोरीनं अंधारात हात आडवा धरायचा, ह्यो कुटला नियेम? हितं समद्यांच्या म्होरं सांगतो, येमू न्हाई तर गाडी न्हाई. ह्या वर्सी न्हाई, पुढल्या वर्सी न्हाई. एक डबा हितं ठिवून मी गाडी न्हेनार न्हाई!"

आता आयांमध्ये चुळबुळ सुरू झाली. चार दिवसांची शांतता हातची जात होती. कोणी म्हणालं, भाऊ, उगाच हट्ट कशाला, बाकीच्यांना न्या की. भाऊंनी लाल झेंडा काढला. कोणी म्हणालं, दुसऱ्याच्या घरात लुडबूड बरी नव्हे. भाऊंनी तोच झेंडा तिकडे वळवला. मैदानात एकीकडे सगळी आळी आणि एकीकडे हा एक माणूस, हातात फडकं धरून. मला तेव्हा पहिल्यांदा त्यांचं हसू आलं नाही.

तेवढ्यात कुसुमताई पुढे आली. ती फारशी बोलणारी नव्हती. "अण्णा," ती म्हणाली, "माझं नाव सांगून तिला कोंडू नका. मला बघायला येतील त्यांनी तिलाही बघावं. नाही बघवलं तर जावं परत."

अण्णा दोघींना घेऊन घरी गेले. संध्याकाळी रुळाकडून हातोडीचा आवाज आला. मी पळत जाऊन पाहिलं. अण्णा स्टुलावर चढून फळ्या काढत होते.

आमची गाडी निघाली ती बाजारातून, भर दिवसा. सतरा पोरं एकामागे एक, प्रत्येकाच्या पाठीला दशम्यांचं बोचकं, आणि सगळ्यात पुढे इंजिनाच्या जागी यमू, हिरव्या परकरात. ही जागा भाऊंनी मुद्दाम दिली होती. अण्णांच्या दुकानासमोर आल्यावर त्यांनी गाडी उभी केली. काही कारण नव्हतं. पूर्ण एक मिनिट आम्ही दुकानासमोर उभे होतो आणि अख्खा बाजार बघत होता. मग हिरवा.

खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत घाट पायी उतरलो. घाटात मालगाडी उतरवताना ठरावीक ठिकाणी थांबवून ब्रेक तपासतात, तसं प्रत्येक वळणावर भाऊंनी आम्हाला थांबवलं आणि प्रत्येकाच्या चपलेचा अंगठा ओढून पाहिला. खोपोलीला खच्चून भरलेली मोटार, पुढे धरमतरला खाडी ओलांडायला होडी, पलीकडून पुन्हा मोटार. पेणला मोटार थांबली तेव्हा यमूने खाली गणपतीच्या मूर्ती घडवणारा कोणी पाहिला आणि ती आनंदाने ओरडली. मोटारीतल्या एका टोपीवाल्याने तिच्या आवाजाची नक्कल केली. भाऊंनी त्याच्या नाकासमोर लाल झेंडा धरला. त्याला काहीएक कळलं नाही, पण अलिबाग येईपर्यंत तो गप्प बसला. मी खाली बघत होतो. हीच नक्कल मी केली होती.

अलिबागला एका देवळाच्या धर्मशाळेत उतरलो आणि सकाळी वाळूवर गेलो. खरं सांगायचं तर समुद्र बघून मी फार चकित झालो नाही. लोणावळ्याच्या माणसाला पाण्याचं कौतुक नसतं. मला कौतुक वाटलं ते वाळूचं, एवढी उघडी जागा आणि एक दगड नाही. बाकीची पोरं पाण्यात शिरली. यमू मात्र काठाशी उभी राहून पायांकडे बघत होती. लाट फुटली की ती दचकायची आणि हसायची. मग ती खाली बसली, ओल्या वाळूवर तळहात टेकला, आणि धावत येऊन भाऊंना हाताला धरून घेऊन गेली. त्यांचाही हात तिने वाळूवर दाबून धरला. लाट आली. तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, तुम्हाला कळलं का, असं. भाऊंनी मान हलवली. ते बराच वेळ तसेच गुडघ्यांवर बसून राहिले, झेंडे वाळूत पडलेले. झेंडे त्यांच्या अंगावेगळे मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

ओहोटी लागली. अलिबागला ओहोटीत पाण्यातल्या किल्ल्यापर्यंत चालत जाता येतं. भाऊंनी आम्हाला जाऊ दिलं आणि बजावलं, लाल दिसला की आहे तिथून परत. ते काठावर उंच जागी उभे राहिले.

परत येताना मला शिंपल्या दिसल्या. मी आणि आणखी एक मुलगा वाकून त्या वेचत बाजूला गेलो. कवायतीत कापूस होता म्हणून थोडं तरी मागे बघावं लागायचं. आता कान उघडे होते, हाक येईलच, या भरवशावर मी एकदाही मान वर केली नाही. वारा समुद्राकडून काठाकडे होता. काठावरून सगळी पोरं आमच्या नावाने बोंबलत होती म्हणे, भाऊंनीही हाका मारल्या. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. पोटरीला पाणी लागलं तेव्हाही मला वाटलं, एखादी लाट असेल.

माझा सदरा मागून कोणी तरी ओढला. यमू होती. ती केव्हाच परतली होती, पण दर वीस पावलांनी मागे वळून बघण्याची तिची सवय, त्यात तिला काठावरचा लाल झेंडा दिसला आणि आम्ही दोघे उलट्या बाजूला दिसलो. तिने एका हाताने मला आणि एका हाताने त्या मुलाला धरलं आणि ओढत नेलं. वाटेत ती तिच्या त्या मोठ्या आवाजात मला काही तरी सुनावत होती. शब्द नव्हते, पण मला सगळं समजलं. काठ गाठायच्या आधी पाणी कमरेपर्यंत चढलं होतं.

भाऊंनी मला मारलं नाही. ते यमूपुढे उभे राहिले, टाचा जुळवल्या आणि तिला सलाम केला, साहेबाला करतात तसा. मी तिच्यापुढे जाऊन कान पकडले. ते समुद्राबद्दल होतं असं सगळ्यांना वाटलं. माझं जुनं देणं मला आणि तिलाच ठाऊक.

चौथ्या दिवशी दिवेलागणीच्या आधी आम्ही लोणावळ्याला उतरलो. येताना खोपोलीहून कर्जतला आणि तिथून रेल्वेने वर आलो होतो. आपापल्या पोरांना न्यायला सगळे स्टेशनाबाहेर आले होते. अण्णाही आले होते. यमू त्यांना पाहताच धावली आणि तिने समुद्र सांगायला सुरुवात केली. दोन्ही हातांनी, पायांनी आणि त्या मोठ्या आवाजाने. माणसं थांबून बघायला लागली. अण्णांचा हात सवयीने तिच्या तोंडाकडे गेला आणि मध्येच राहिला. मग तो तिच्या डोक्यावर ठेवून ते ऐकत राहिले, ती दमेपर्यंत. आणि घरी जाताना त्यांनी रुळाकडची मागची वाट धरली नाही, बाजाराची धरली.

एकेक पोर कोणाच्या तरी हाताला धरून गेलं. भाऊ प्रत्येकाला हिरवा झेंडा दाखवत होते. शेवटी मी आणि आई राहिलो. आई आपल्या ओळखीच्या बाईशी बोलत होती. भाऊ तिथेच उभे होते. गाडी रिकामी झाली होती, काम संपलं होतं, तरी ते हलत नव्हते. घरी चला, उशीर झाला, असं त्यांना म्हणणारं जगात कोणी नव्हतं. ते मला त्या वेळी एकदम दिसलं.

बाजाराच्या वळणावर यमूने सवयीप्रमाणे मागे वळून पाहिलं. तिला दिसलं, की भाऊ अजून तिथेच आहेत. तिने अण्णांचा हात सोडवून घेतला, भर रस्त्यात सरळ उभी राहिली आणि एक हात आडवा धरला. जा. भाऊंच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. तिने हात खाली घेतला नाही. बाजारातली माणसं तिच्याकडे बघत होती, अण्णा शेजारी उभे होते, आणि ती हात धरून होती.

भाऊंनी नियमाप्रमाणे खूण पोचल्याची खूण केली, झेंडे काखेत घेतले आणि घराकडे निघाले. आमच्याजवळून गेले तेव्हा मी आईचा पदर ओढून म्हटलं, "आई, गार्डभाऊ रडतायत."

"काही तरीच तुझं," आई म्हणाली. "इंजिनातला कोळसा गेला असेल डोळ्यात."

आमच्या घाटात तेव्हा विजेची इंजिनं येऊन चार वर्षं झाली होती.